सहा पेन्सचं भूत : रिचमंडचं हॅम हाउस

लेकीकडे लंडनच्या हाउन्स्लो भागात आले की दर खेपेस एक जुनं घर बघायचं, असा माझा नेम. जावई हसतात. "आई, तुम्ही इथे येऊनही सर्चच काढत बसता." सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास. खोटं नाही ते. दुय्यम निबंधक कार्यालयात ३१ वर्षं दस्त नोंदवले. त्यामुळे घर दिसलं की नक्षीच्या आधी डोक्यात येतं, नावावर कोणाच्या, बोजा किती, वारस कोण, आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय. सातबारा ज्यांनी नीट वाचलाय त्यांना ठाऊक असेल, खरी गंमत त्याच रकान्यात असते. कूळ, विहिरीचं पाणी, बहिणीचा हिस्सा, सगळं तिथे. माझं म्हणणं, भूतही तिथेच नोंदवायला हवं. खरेदीखतं होतात, मालक बदलतात, ते मात्र आपला हक्क सोडत नाही.

यंदा नातवाला ऑक्टोबरातली आठवड्याची सुट्टी होती. वय वर्षं ९. त्याला खरं भूत पाहायचं होतं. 'खरं'वर जोर, कारण गेल्या वर्षी मध्य लंडनात आम्ही भुतांची एक पायी सफर घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही. उंच टोपीतले एक गृहस्थ कंदील हलवत पुढे, मागून आम्ही वीस-बावीस माणसं, आणि तिसऱ्या गल्लीत कचऱ्याच्या डब्याआडून रबरी मुखवट्यातला एक पोरगा ओरडत बाहेर आला. नातू म्हणाला, "आजी, तू म्हणतेस भुताचे पाय उलटे असतात. ह्याचे सरळ आहेत आणि पायात खेळाचे बूट आहेत." माझा रक्तदाब वाढला तो माणशी किती पौंड मोजले ते आठवून.

म्हणून या वेळी म्हटलं, भूत राहू दे, भुताचं घर बघू.

हॅम हाउस हाउन्स्लोहून लांब नाही. एच ३७ नंबरची बस रिचमंडला सोडते, तिथून ६५ किंवा ३७१ नंबरची हॅमकडे जाते. पण पाय चालत असतील तर रिचमंडहून टेम्सच्या काठाने चालतच जा. वाटेत पीटरशॅमचं कुरण लागतं आणि तिथे गाई चरतात. लंडनात, हो. मी दोन मिनिटं उभी राहून पाहिलं. एवढ्या गाई आणि शेणाचा वास कसा नाही, याचं मला अजून नवल आहे. नदीपलीकडून, म्हणजे ट्विकनमच्या बाजूने येणाऱ्यांसाठी तर लहानशी होडी आहे. आम्ही जाताना चालत गेलो. माझ्या काठीसकट पाऊण तास लागला. निघण्याआधी रिचमंडच्या एका कॅफेत चहा घेतला तो न घेतला तर बरं झालं असतं. कोमट पाण्यात पिशवी तरंगत होती, तिलाच चहा म्हणायचं.

घर लाल विटांचं, तीन मजली, नदीकडे तोंड करून बसलेलं. अंगणाच्या भिंतीत ओळीने कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात एकेक अर्धपुतळा, रोमन बादशहा वगैरे. मधोमध दाढीवाला नदीदेव आडवा पहुडलाय. नातू म्हणाला, "हा पण रिटायर्ड आहे." मी काही बोलले नाही.

आता सर्च रिपोर्ट. घर बांधलं १६१० साली, सर थॉमस वॅव्हासोर नावाच्या दरबारी माणसाने. १६२६ मध्ये ते भाडेपट्ट्याने आलं विल्यम मरीकडे. हा राजा पहिल्या चार्ल्सचा लहानपणापासूनचा सोबती. असं सांगतात की राजपुत्राने चूक केली तर छडी ह्याला बसायची, कारण राजाच्या मुलावर हात उगारणार कोण? छड्या खाऊन घर मिळालं म्हणायचं. त्याच १६२६ साली त्याला मुलगी झाली, एलिझाबेथ. या घराचं भूत ते हीच.

पण भुताकडे जाण्याआधी एका दस्ताबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटायच्या सुमारास मरीने हे घर बायको कॅथरीन आणि चार मुलींच्या नावे करून दिलं आणि वर विश्वस्त नेमले. पुढे राजाच्या बाजूच्यांच्या इस्टेटी धडाधड जप्त झाल्या, राजाचं डोकं उडवलं, मरी परागंदा झाला. घर मात्र बायकांच्या ताब्यात राहिलं. माझ्या नोकरीत मी बायकांच्या नावावर घर करताना नवऱ्यांचे चेहरे पाहिलेत. बहुतेकांना तो कर चुकवण्याचा उपाय वाटतो. इथे त्या एका कागदावर घर वाचलं. मला तिथेच, दालनात उभ्या उभ्या, टाळी वाजवावीशी वाटली. शेजारच्या स्वयंसेवक आजोबांना मी हे माझ्या इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, इथे येऊन कोणी कागदपत्रांचं कौतुक केलं नव्हतं.

हे स्वयंसेवक इथलं खरं वैभव आहेत. खोलीखोलीत एक जण, बहुतेक माझ्यासारखेच निवृत्त. विचारलं तर भरभरून बोलतात, नाही विचारलं तर गप्प बसून राहतात. भुताचं विचारलं की चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं, म्हणजे 'आलात का वळणावर' असं.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अंधार. खिडक्यांवर पडदे ओढलेले, दिवे मिणमिणते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं कापड भिंतींवर आणि खुर्च्यांवर अजून टिकून आहे, त्याचा रंग उन्हाने उडू नये म्हणून ही सगळी काळजी. पुष्कळांना हा अंधार आवडत नाही, पुढच्या खोलीत लवकर पळतात. मी कोकणातल्या घरात वाढले, जिथे माजघरात भर दुपारी समई लागायची. माझे डोळे दोन मिनिटांत सरावले आणि मग हळूहळू एकेक वस्तू पुढे यायला लागली. सोनेरी चौकटीची कड, मग चौकटीतला हात, मग चेहरा. घाई करू नका, एवढंच सांगेन. हे घर थांबणाऱ्यालाच दिसतं.

जिना पाहून मी थबकले. कठड्याला साधे गज नाहीत, अख्ख्या लाकडी फळ्या कोरल्यात आणि त्यांवर ढाली, नगारे, तोफा, चिलखतं. खांबांच्या माथ्यावर मात्र फळांच्या परड्या. युद्ध आणि बाजार एकाच जिन्यात. हा १६३० नंतरच्या दशकातला, म्हणजे एलिझाबेथ परकर-पोलक्याच्या वयाची असताना याच पायऱ्यांवरून धावली असेल. आणि ती गेल्यावरही याच पायऱ्यांवर तिच्या म्हातारपणच्या काठीची टकटक ऐकू येते, अशी आख्यायिका.

तिची हकिगत थोडक्यात. १६४८ मध्ये लायोनेल टॉलमॅश या जमीनदाराशी लग्न. ११ मुलं, त्यांतली ५ जगली. राजाचं डोकं उडवल्यावर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राज्यात ती राजाच्या बाजूच्या गुप्त मंडळासाठी काम करायची आणि दुसरीकडे क्रॉमवेलशीही बोलणं राखून होती. बापाचा किताब मुलीकडे येऊ शकत होता, तो तिच्याकडे आला, आणि ती स्वतःच्या हक्काने डायझर्टची काउंटेस झाली. १६६९ मध्ये नवरा वारला. १६७२ मध्ये तिने लॉडरडेलशी लग्न केलं, तो त्याच वर्षी ड्यूक झाला आणि ही डचेस. लॉडरडेल म्हणजे दुसऱ्या चार्ल्सच्या पाच बड्या मंत्र्यांपैकी एक, स्कॉटलंडचा कारभार त्याच्या मुठीत. त्याची पहिली बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. गावात काय बोललं गेलं असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको.

मग दोघांनी मिळून घर जवळजवळ दुप्पट केलं. १६७२ ते ७४. रायगडावर राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन हजर होता, तेव्हा त्याच्या राजाचा मंत्री इथे छतांवर चित्रं काढून घेत होता. जॉन इव्हलिन नावाचे रोजनिशीकार १६७८ मध्ये इथे येऊन गेले आणि थोर राजपुत्राला शोभावं असं सामान आहे, असं लिहून गेले. एवढ्या सामानाचं पुढे काय होतं? जे आपल्याकडे होतं तेच. १६८२ मध्ये लॉडरडेल गेला, मागे कर्ज, गहाणखतं आणि दिराशी वाद. बाईंना संधिवाताने धरलं. १६९८ मध्ये त्या याच घरात वारल्या.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली वस्तू कोणती म्हणाल तर डचेसबाईंच्या खासगी खोलीतलं चहाचं टेबल. खोली एवढीशी, देवघराएवढी. छतावर व्हेरिओ नावाच्या इटालियन चित्रकाराचं काम. चहा तेव्हा इतका महाग की तो स्वयंपाकघरात ठेवत नसत, मालकिणीच्या ताब्यात असायचा. आणि टेबल आलंय जावाहून. तिकडे माणसं जमिनीवर मांडी घालून बसतात, तेव्हा ते मुळात बुटकं, आपला चौरंगच म्हणा. पण डचेस चौरंगावर वाकणार कशी? म्हणून इंग्लंडात त्याला खालून पिळाचे पाय जोडले आणि खुर्चीच्या उंचीला आणलं. नीट पाहिलं तर सांधा कळतो. वरचा अर्धा पूर्वेचा, खालचा अर्धा इथला. मी नातवाला म्हटलं, "बघ, तुझ्यासारखं आहे." तो रागावला.

एक चित्र मात्र सहज विसरता येत नाही. पीटर लेलीने काढलेलं, तरुण एलिझाबेथचं. गोरी, तांबूस केसांची, स्वतःच्या रूपाची पूर्ण जाणीव असलेली. शेजारी एक काळा मुलगा तिच्यापुढे फुलांचं तबक धरून उभा आहे. तिचं नाव, तिचे किताब, तिच्या चित्रकाराचं नाव, सगळं आपल्यापर्यंत आलं. त्या मुलाचं नाव नाही. आमच्या ऑफिसात निरक्षर साक्षीदाराचाही अंगठा घेऊन खाली नाव लिहायचो. भूत म्हणूनसुद्धा त्या मुलाची नोंद मला या घरात आढळली नाही.

बरं, आता भूत.

सर्वांत रंगतदार गोष्ट ऑगस्टस हेअर या लेखकाने १९व्या शतकात लिहून ठेवली. ती अशी. घरच्या बटलरची सहा वर्षांची मुलगी पाहुणी म्हणून इथे राहायला आली होती. पहाटे तिला जाग आली तर शेकोटीजवळ एक लहानखुरी म्हातारी बोटांनी भिंत खरवडत होती. मुलगी उठून बसली. म्हातारीला चाहूल लागली, ती पलंगाच्या पायथ्याशी आली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि टक लावून बघत राहिली. मुलगी किंचाळली, पांघरुणात शिरली, माणसं धावली. खोलीत कोणी नव्हतं. मग शेकोटीजवळची भिंत उकरली तर आत कागद सापडले, आणि त्या कागदांवरून सिद्ध झालं की एलिझाबेथने लॉडरडेलशी लग्न करता यावं म्हणून याच खोलीत पहिल्या नवऱ्याचा खून केला होता.

गोष्ट म्हणून फर्मास. विशेषतः तो कठडा धरणं. नातवाने माझा हात धरला होता, हे त्याच्या वर्गातल्या कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय.

पण कागद म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही. पहिलं, कुठली शहाणी बाई खुनाचा पुरावा लिहून, घडी घालून, शेकोटीशेजारच्या भिंतीत जपून ठेवेल? पेटती शेकोटी हाताच्या अंतरावर होती की. दुसरं, ते कागद कोणी वाचले, त्यांची नक्कल कुठे आहे, गोष्टीत अवाक्षर नाही. आणि तिसरं, जे मला मुद्दाम शोधावं लागलं नाही, साध्या चरित्रात आहे : लायोनेल टॉलमॅश वारला तो पॅरिसमध्ये. हॅममधल्या कुठल्याच खोलीत नाही. मयत परदेशात आणि खुनाची जागा सरेमध्ये! असा दस्त माझ्या टेबलावर आला असता तर मी पक्षकाराला चहा पाजून परत पाठवलं असतं.

तरी गोष्ट टिकली. का टिकली ते त्या काळच्या लोकांनी तिच्याबद्दल काय लिहिलं ते वाचलं की कळतं. बिशप बर्नेट म्हणतो, बाई देखणी, त्याहून बुद्धिमान, पण जे करील ते जहाल; मैत्री जहाल, वैर त्याहून जहाल, आणि पैशाची भूक मोठी. शेवटच्या मुद्द्यात तथ्य असेलही. पण हेच गुण लॉडरडेलमध्येही होते आणि त्याचं भूत कुठल्या भिंतीला नखं लावत नाही.

आमच्या आजोळी अशीच एक होती. माझ्या आईची चुलतआजी, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा, केस काढलेली, जन्म पडवीत आणि चुलीपुढे गेलेला. ती गेल्यावर वाडीत बोलवा झाली की चुलीमागच्या भिंतीत तिने पुतळ्या लपवल्यात आणि रात्री ती भिंत खरवडते. आम्ही मुलं परसात एकटी जायचो नाही. मामाने पुढे घर उतरवलं तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. भिंतीत उंदराचं घर निघालं आणि तांब्याचा एक चेपलेला गडू. पुतळ्या होत्या कुठे? तिच्या लग्नातल्या, तिच्या दिरांनी केव्हाच मोडल्या होत्या. ते सर्वांना माहीत होतं. तरीही खरवडायला तीच येत होती, दीर नव्हे.

वरच्या लांब दालनात, म्हणजे लाँग गॅलरीत, हा विचार करत मी चालले होते. गडद लाकडाचं दालन, दोन्ही बाजूंना सोनेरी चौकटींतले राजे आणि नातलग. पाऊस असला की ह्या लोकांना बाहेर फिरता यायचं नाही म्हणून घरातच शतपावलीला एवढी जागा. १७७० मध्ये होरेस वॉलपोल इथे आला होता. नदीपलीकडे ट्विकनमला राहायचा, त्याची पुतणी या घरात सून म्हणून आली होती. तोवर घराची रया गेलेली. त्याने मित्राला पत्रात लिहिलं की क्षणोक्षणी वाटत होतं, आता भुतं सळसळत जातील, पण ही असली भुतं बघायला मी सहा पेन्सही देणार नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतली भुताखेतांची, तळघरांची कादंबरी पहिल्यांदा लिहिली ती ह्याच गृहस्थाने, त्याआधी सहाच वर्षं. दुकान टाकणाऱ्याला दुसऱ्याचा माल पसंत पडत नाही.

तर मी चालले होते. नातू मागे, जमिनीवर गुडघे टेकून. कारण घरात एका छोट्या स्पॅनियल कुत्र्याचंही भूत आहे असं त्याला स्वयंसेवक आजीबाईंनी सांगितलं होतं, दालनांतून पळत जातं म्हणे, आणि माणसाच्या भुतापेक्षा त्याला ते अधिक पटलं. मी एकटीच पुढे. फिकट पांढरी साडी, वर लेकीची राखाडी शाल, उंची पावणेपाच फूट, पाठीला जरा बाक. काठीचं टोक लाकडी जमिनीवर टक, टक. दालनाच्या टोकाच्या दारातून एक चाळिशीची बाई आत आली. तिने मला पाहिलं. तोंडावर हात नेला आणि जो काही आवाज काढला, त्याने खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले.

बिचारी किती वेळा 'सॉरी' म्हणाली. नवरा हसून बेजार. मी तिला म्हटलं, तुमची काही चूक नाही, अंधारात काठी टेकत म्हातारी आली की पुढचं सगळं ज्याचं त्याला सुचतं. मग आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो, तिने मला पेपरमिंटची गोळी दिली. नातू धापा टाकत आला आणि विचारतो काय, "कुत्रा दिसला?"

तळघर चुकवू नका. स्वयंपाकघर आहेच, पण त्याहून डचेसबाईंचं न्हाणीघर बघा. १६७०च्या दशकात स्वतंत्र न्हाणीघर ही इथे नवलाईची गोष्ट होती, वरच्या शयनघरातून थेट खाली यायला जिना. नातवाला ते फार बारीक वाटलं. मला त्यात परसातलं तपेलं, धूर आणि शिकेकाई दिसली. बाहेर दुधाची खोली आहे, तिथल्या संगमरवरी फळ्यांना आधार म्हणून बिडाचे गाईचे पाय केलेत, खुरांसकट. भुतापेक्षा हे विचित्र. अत्तर आणि औषधी पाणी काढायची खोलीही आहे.

बाग मोठी आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. चौकटी-चौकटीत लावलेलं लॅव्हेंडर ऑक्टोबरात करडं दिसतं, उन्हाळ्यात जा. खाण्यापिण्याचं ठिकाण जुन्या संत्रीघरात आहे, म्हणजे श्रीमंतांची संत्र्याची झाडं हिवाळ्यात जिथे ठेवत तिथे. परसबागेतली भाजी तिथे वापरतात. स्कोन ताजा होता, चहा किटलीतून आणि गरम. सकाळच्या कॅफेचं पाप धुऊन निघालं.

पैशाचं. तिकीट पौंडांत दोन आकडी आहे, नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुनी घरं सांभाळणारी इथली संस्था, तिचे सभासद असाल तर लागत नाही. टॉलमॅश घराण्याने १९४८ मध्ये घर ट्रस्टला दिलं, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं एकाच वंशात. मुलीच्या बाजूने चालू झालेला वंश, हे पुन्हा सांगते. रुपयांत हिशेब करू नका, मी फाटकापाशी केला आणि पहिली दहा मिनिटं वाया घालवली. वॉलपोलच्या सहा पेन्सला मी दोन आकडी पौंड दिले आणि मला ते जास्त वाटले नाहीत. भूत दाखवतो असं सांगून कोणी पैसे घेतले नाहीत, हे त्याचं अर्धं कारण. शरद ऋतूत इथे खास भुतांच्या सफरीही भरवतात, त्या मी केलेल्या नाहीत, तेव्हा त्यांना गुण देत नाही.

घराला पाचपैकी साडेचार. अर्धा मी नेहमीच राखून ठेवते. ३१ वर्षांत शंभर टक्के बिनचूक दस्त एकही पाहिला नाही.

परतताना पीटरशॅमचं सेंट पीटर्स चर्च वाटेवरच आहे, लहानसं, विटांचं. बाईंचं लॉडरडेलशी लग्न तिथेच लागलं आणि त्यांना पुरलंही तिथेच. घरापासून दहा-पंधरा मिनिटांची चाल. म्हणजे काठी टेकत यायचं म्हटलं तरी लांब नाही.

काठीवरून आठवलं. वापरत असाल तर टोकाचं रबरी बूच आधी तपासून जा. माझं झिजलं होतं. हाउन्स्लोला नवं घेतलंय, पण नातू म्हणतो, आजी, ते लावू नकोस.